विवाह अधिकारी अंगणात येत नाहीत

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्या. ६
रेवाच्या लग्नाची नोटीस दिली. विशेष विवाह कायदा. भटजी नाही, अक्षता नाहीत, सह्या आणि शपथ. मला हवं तसंच. पोचपावती माझ्या फाईलमध्ये. रेवा म्हणाली, आई, नागरिकशास्त्र तू शिकवलंस, आता कागद तूच बघ, मला ऑफिसातून मान वर करायला वेळ नाही. योग्य माणसावर योग्य काम सोपवलं.
नियम लिहून ठेवते. तीस दिवस नोटीस बोर्डावर. कुणाला कायदेशीर हरकत असेल तर तेवढ्यात. मग लग्न. साक्षीदार तीन. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद, सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे २ फेब्रुवारीच्या आत. भरपूर वेळ आहे.
मुलगा भावेश घरत. इंजिनीअर. स्वभावाने शांत, अक्षर वाईट. माझा या लग्नाला विरोध नाही. लिहूनच ठेवते, म्हणजे विषय संपला.

५ नोव्हेंबर
जागा कुठली, यावर चर्चा. अविनाश, सगळ्या नवऱ्यांसारखा, पेपर बाजूला न करताच म्हणाला की ऑफिस ही काय वाईट जागा आहे? तूच दर आठ मार्चला भाषणात सांगायचीस, पंधरा मिनिटांत लग्न आणि त्यानंतर फार तर कॉफी.
ते भाषण दुसऱ्यांच्या मुलींसाठी होतं असं नाही. पण संदर्भ वेगळा होता.
ऑफिसात बसायला दोन बाक आणि समोर मुद्रांकवाल्यांची गर्दी. एकुलती एक मुलगी आहे. अर्ज आणि जादा फी भरली की विवाह अधिकारी जवळपासच्या दुसऱ्या जागीही येतात. कायद्यातच तशी सोय आहे. जागा शोधण्याचं काम मी घेतलं. नोव्हेंबरअखेर पक्की करणार. म्हणजे करणारच.

१४ नोव्हेंबर
पनवेलमधला एसी हॉल पाहिला. मॅनेजरने विचारलं, हळद आदल्या दिवशी का? डीजे आमचा की तुमचा? सिव्हिल मॅरेज आहे म्हटल्यावर म्हणाला, हो हो, तेही करतो, त्याचं वेगळं पॅकेज आहे, टेबलाला फुलं लावतो.
बाद.

२२ नोव्हेंबर
कर्नाळ्याच्या पायथ्याचा रिसॉर्ट. हवा उत्तम, पक्षी उत्तम. स्वच्छतागृहात साबण नाही. जिथे साबण नाही तिथे कायदेशीर काहीही होऊ नये. बाद.
परतताना रेवा गाडीत म्हणाली, आई, साबण आपण नेऊ ना. तिला तत्त्व कळलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार
घरतांकडे जेवायला. उलव्याजवळ, पुनर्वसनात मिळालेल्या प्लॉटवर तीन मजली घर. चारी बाजूंना बांधकाम, माझ्या चपलांत सिमेंट. घर मात्र लखलखीत. पुढे मोठं अंगण, आणि ओट्यावर खाट. खाटेवर भावेशची आजी, कमळाबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या तिथेच असतात. भावेशची आई तो चौथीत असताना गेली. त्याला वाढवलं ते या आजीने आणि वडिलांनी, बुधाजींनी. पूर्वी त्यांचं मिठागर होतं.
जेवण झाल्यावर बुधाजींनी विषय काढला. मॅडम, आयेला गाडीत बसवत नाय. आमचा येकच मागना हाय, लगीन आमच्या अंगनात व्हावा. सायबाला आनायला आमी गाडी पाठवू.
मी म्हणाले, विवाह अधिकारी अंगणात येत नाहीत. नियमात बसत नाही.
बसतं.
मी असं का म्हणाले याचा गाडीत बसून विचार केला. डोळ्यांसमोर आमच्या शाळेच्या पाटणकर बाई आल्या, त्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या, शेजारी सुकटीचा वास. हे कारण नव्हे. फक्त डोळ्यांसमोर आलं.
 तिथे बुधाजी एवढंच म्हणाले, बरा. तुमी शिकल्याल्या, तुमाला म्हाईत.
खाटेवरून कमळाबाई म्हणाल्या, जमीन मोजाला दहादा आला तवा बरा येत होता सायेब अंगनात.
सगळे हसले. मीही हसले.

३ डिसेंबर
कालचं उत्तर खोटं नव्हतं. थोडक्यात होतं. दोन गुणांचं.
आज तीस दिवस झाले. हरकत कुणाचीही नाही. आता लग्न कधीही होऊ शकतं.
जागा पक्की झाली की.

९ डिसेंबर
आपट्याला पाताळगंगेकाठचं फार्महाऊस. खरं सांगायचं तर नाव ठेवायला जागा नाही. तिथला केअरटेकर उत्साहाने सांगत होता, मागच्या वर्षी इथेच रजिस्टर लग्न झालं, साहेब स्वतः आले, आणि परवा तर एका घरी, गच्चीवर गेले म्हणे.
अविनाशने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं.
बाद. नदीला पाणी कमी आहे.

१७ डिसेंबर, बुधवार. दु. ३
आमच्या निवृत्त शिक्षक मंडळाचा हॉल मिळतोय. साधा, स्वच्छ, साबण आहे. व्यासपीठावर फळा सुद्धा. १८ फेब्रुवारीला रिकामा. मी लगेच घेतला. रेवाला फोन केला, ती ओरडलीच आनंदाने. म्हणाली, सुटलो एकदाचे, मी रजा टाकते. तिने भावेशला कळवलं, भावेशने बुधाजींना. पाच मिनिटांत सगळीकडे पक्कं. मी नोव्हेंबरअखेर म्हटलं होतं, त्याच्या फक्त सतरा दिवस पुढे गेले.

दु. ४
पाहिलं. १८ फेब्रुवारी. नोटीस २ फेब्रुवारीला संपते.
पुन्हा पाहिलं. कॅलेंडर तेच आहे.
सोळा दिवस उशीर. वरचे सतरा मोजले, हे मोजलेच नाहीत. घाई केली की असं होतं, म्हणून मी मुलांना नेहमी सांगत असे.
रेवा घरी आली की सांगते.

संध्या. ८
दमून आली होती. उद्या सांगते.

१८ डिसेंबर
सांगितलं नाही. कारणे: (१) ती खूश होती. (२) नवी नोटीस देता येते, पुन्हा तीस दिवस, त्यात काय मोठं. (३) तेवढ्या काळात दोघांना आणखी नीट विचार करता येईल. कुणालाही येतोच.
तिसरं कारण वाचलं आणि खोडलं. खोडलेलंही दिसतंय.

२६ डिसेंबर
भावेश निमंत्रणपत्रिकेचा मजकूर घेऊन आला. म्हणाला, आई (मला आई म्हणतो, मी परवानगी दिलेली नाही, मनाईही केलेली नाही), तुमच्याकडून तपासून घेतल्याशिवाय छापणार नाही.
लाल पेन घेतलं. ‘आर्शिवाद’ चुकलेलं. ‘उपस्थीती’ चुकलेली. दोन ठिकाणी अनुस्वार. खाली मोठ्या अक्षरात, बुधवार, दि. १८ फेब्रुवारी.
त्याच्याखाली रेघ मारली नाही.
तो म्हणाला, आई, बाकी सगळं बरोबर? मी म्हणाले, बरोबर.
छत्तीस वर्षांत मुद्दाम एकही चूक सोडली नव्हती.

३ जानेवारी. स. ११
विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात फोन केला. नाव विचारलं तर रमा सांगितलं. रमा माझी धाकटी बहीण. ती नाशिकला असते, तिला काही कळणार नाही. विचारलं, की समजा एखाद्या कुटुंबाचं दोन आठवडे इकडेतिकडे झालं, तर काही सवलत?
पलीकडची बाई म्हणाली, नाही मॅडम, नोटीस संपली की संपली, नव्याने द्यायची. मग म्हणाली, मुलगा-मुलगी राजी आहेत ना? मग अडलंय कुठे?
मी फोन ठेवला. लाईन वाईट होती असं म्हणता येईल.

८ जानेवारी
भावेशबरोबर कमळाबाईंनी एक पिशवी पाठवली. जाडं मीठ, किंचित करडं. त्यांच्या मिठागरातलं शेवटच्या हंगामाचं. बरणीत जपून ठेवलेलं, त्यातलं अर्धं. भावेश म्हणाला, आजी बोलली, येनबाईला दे, वापर म्हनावं, नुसता ठेवू नको.
विहीणबाईंना एवढंसं पाठवताना माणूस निदान नारळ ठेवतो बरोबर, असं मनात आलं. ते मनात ठेवलं. मग तेही ठेवावंसं वाटेना.
आमटीत घातलं. अविनाश म्हणाला, आज आमटीला चव आहे. मला जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

१४ जानेवारी, संक्रांत
ठरवलं होतं, आज तिळगूळ देताना रेवाला सांगायचं. गोड बोलण्याचा दिवस, तिलाही गोडच बोलावं लागेल.
सकाळी तीच आली, तिळाची वडी माझ्या तोंडात घातली आणि म्हणाली, आई, तू माझ्यासाठी किती फिरलीस गं. हॉल, रिसॉर्ट, नदी. माझ्या एका मैत्रिणीची आई तिच्याशी बोलत सुद्धा नाही.
तोंडात वडी होती.

१५ जानेवारी
अजून अठरा दिवस आहेत. ऑफिसात जाऊन उद्यासुद्धा लग्न लावता येईल. मुलगी, मुलगा, तीन साक्षीदार, दोन बाक. फक्त एक वाक्य बोलायचं आहे. वाक्य तयार आहे: रेवा, माझी तारखेत गफलत झाली.
यात ‘गफलत’ हा शब्द बरा. चूक म्हटलं की कुणी केली असा प्रश्न येतो.

१७ जानेवारी
अविनाशला सांगून बघावं, सराव म्हणून. म्हणाले, समजा कुणी जाणूनबुजून नव्हे पण मुदत चुकवली. तो शब्दकोडं सोडवत होता. म्हणाला, विनिता, तुझ्याकडून मुदत चुकली तर सूर्य पश्चिमेला उगवेल.
विश्वास ठेवणारी माणसं फार अडचण करतात.

२० जानेवारी, मंगळवार. संध्या. ७
बुधाजी आले. न कळवता. पांढरा शर्ट, पायांत बूट, काखेत रबराची फाईल. रेवा घरी, अविनाश घरी, मागून भावेशही आला. मी चहा टाकायला उठले तर म्हणाले, मॅडम बसा, तुमचाच काम हाय.
फाईल उघडली. वर नोटिशीच्या पोचपावतीची झेरॉक्स. ती मीच भावेशला दिली होती, नोव्हेंबरात. खाली एक अर्ज, टाईप केलेला, सह्यांना जागा सोडलेली.
 वाटलं, चला, आता सुटले.
बुधाजी सगळ्यांकडे बघून म्हणाले, मॅडमचा मना फोन आला होता. बोलल्या, बुधाजी, नोटिशीची मुदत दोन तारकंला सरते, अठरा फेब्रुवारी चालनार नाय. आनि बोलल्या, नियम मी परत बगितला, साहेब अंगनात येतो. तर मी सायबाला भेटून आलो. तीस जानेवारी, शुक्रवार, सकाळी साडेअकरा. आमच्या अंगनात. हितं सह्या करा दोघा.
मी फोन केलेला नाही.
रेवा म्हणाली, आई! एवढं सगळं केलंस आणि आम्हाला बोलली नाहीस? भावेश म्हणाला, पत्रिका परत छापायला लागतील, पण काय हरकत नाय. पहिल्यांदाच ‘नाय’ म्हणाला माझ्यासमोर, फार आनंदात होता. अविनाश म्हणाला, बघ, मी म्हटलं नव्हतं?
सगळे माझ्याकडे बघत होते. बोलायची वेळ हीच होती. मी म्हणाले, चहा टाकते.

२१ जानेवारी
विचार केला, कदाचित मी फोन केला असेनही. वयानुसार विसरायला होतं.
मोबाईल तपासला. नाही केलेला.

२३ जानेवारी
संकल्प: लग्नाआधी रेवाला खरं सांगणे. नक्की. बुधाजींनाही भेटून स्पष्ट करणे.
आज पत्रिका नव्याने तपासली. एकही चूक नाही. तरी तीनदा वाचली.
शिक्षक मंडळाचा हॉल रद्द केला. पाटणकर बाईंनी विचारलं, मग कुठे? मी सांगितलं, मुलाच्या घरी, अंगणात. त्या म्हणाल्या, किती छान गं, हल्ली अंगण असतं कुणाकडे. झालं एवढंच. यासाठी मी अडीच महिने.

२८ जानेवारी
रेवा दिवसभर बॅगा भरत होती. दोनदा तिच्या दारात गेले. पहिल्यांदा म्हणाले, स्वेटर घे. दुसऱ्यांदा म्हणाले, उलव्याला स्वेटर लागत नाही म्हणा.
उद्या सांगते.

२९ जानेवारी
घरात पाहुणे.

३० जानेवारी, शुक्रवार. संध्या. ७
लग्न झालं.
अंगण सारवलेलं नव्हतं, फरशी आहे, पण धुऊन वर रांगोळी होती. झेंडूच्या माळा. डोक्यावरून एक विमान गेलं तेव्हा सगळे गप्प झाले आणि मग परत सुरू झाले, इथे सवय झाली आहे. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आमची माणसं, त्यांची माणसं, सगळी मिसळून. सुकटीचा वास नव्हता. असता तरी काय झालं असतं, कुणास ठाऊक. कमळाबाईंची खाट टेबलाच्या अगदी शेजारी ओढलेली. नवी हिरवी नऊवारी.
अधिकारी तरुण होते. बसल्या बसल्या कमळाबाईंनी त्यांना विचारलं, टेप नाय आनला? ते गोंधळले. सगळं अंगण हसलं.
रेवाने आणि भावेशने शपथ घेतली. रेवाचा आवाज एका ठिकाणी अडकला, भावेशने तिच्या वाटचं अर्धं वाक्य पुटपुटलं, अधिकारी म्हणाले, तुम्ही नाही, त्यांनीच म्हणायचं आहे. बारा मिनिटं. भाषणात मी पंधरा सांगायचे.
साक्षीदार: अविनाश, बुधाजींचा भाऊ, आणि मी. माझं नाव रेवाने नोव्हेंबरातच लिहून ठेवलं होतं म्हणे. पेन हातात घेतलं तर अधिकारी सहज म्हणाले, आईच ना? सगळे कागद इतके व्यवस्थित क्वचित बघायला मिळतात.
सही केली. सही नीट आली नाही.

जेवणाच्या पंगतीत बुधाजींना एकटं गाठलं, हात धुण्याच्या नळापाशी. म्हणाले, मी तुम्हाला फोन केला नव्हता.
ते म्हणाले, नव्हताच.
मग हात पुसत सांगितलं. आमच्या बापाला सरकारची नोटीस आली तवा त्याला वाचता येत नवता. मास्तरकडं नेली. मास्तर बोलला, बुधाच्या बापा, घाई नाय, सवडीनं बगू. हरकत घ्यायला तीस दिस होते, आमी येकतिसाव्या दिसाला गेलो. मिठागर गेला. तवापासून मी कुटलाबी कागद आला का तारीक आदी वाचतो, मजकूर मागाहून. त्या मास्तरला बी आमचा वाईट करायचा नसंल.
मी म्हणाले, मला करायचं होतं की काय, ते मलाही माहीत नाही.
ते म्हणाले, आसूं द्या. भात वाढलाय, निवंल.

आम्ही दोघं निघताना रेवाने मला घट्ट धरलं. ती लहानपणीही अशी धरायची नाही, मला चालत नसे. कानाशी म्हणाली, आई, एक कबूल करू? डिसेंबरात मला वाटायला लागलं होतं की तुला हे लग्न नकोय, म्हणून तू मुद्दाम जागा नाकारतेस. बाबांनाही बोलले नाही मी. आणि तू मात्र माझ्यासाठी सगळं गुपचूप जुळवत होतीस. सॉरी गं.
मी म्हणाले, असू दे.
तिने माफी मागितली. मी माफ केलं.

हे असं राहू देता येणार नाही. रेवाला सगळं सांगायचं, पहिल्यापासून, न खोडता. उद्या सकाळी, चहाच्या वेळी. वाक्य तयार आहे. ‘गफलत’ काढून टाकलं आहे.
अविनाशने सकाळच्या चहाचे कप आत्ताच काढून ओट्यावर ठेवले आहेत.
दोन.